बर्फावरची बैठक

जगात टाकाऊ असं काहीच नसतं, असं मानणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण ते सिद्ध करण्यासाठी ऐन थंडीत गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या आमच्या मराठी मंडळीत त्यांची आठवण निघाली की लोक अजून हसतात. "काय कंजूष माणूस होता हो! गळ विकत घ्यावा लागतो म्हणून गळाशिवाय मासे धरायला गेला!" असं म्हणतात. हा लौकिक त्यांना मिळवून देण्यात माझा वाटा मोठा आहे. आता ते गेले, आणि माझंही वय असं झालंय की पुढच्या दिवाळीचं आमंत्रण स्वीकारताना जरा विचार करावा लागतो. तेव्हा खरं काय घडलं ते नीट लिहून ठेवतो.

आम्ही दोघंही तरुणपणी पुण्याहून मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आलो आणि इथेच म्हातारे झालो. मी कागदावर नकाशे काढणारा, ते हत्यारं बनवणाऱ्या विभागातले. घरी आल्यावरही त्यांचे हात थांबत नसत. इथे लोक जुनं सामान ठरावीक दिवशी रस्त्यावर काढून ठेवतात, त्याला श्पेरम्यूल म्हणतात. आपण लोक पंचांगात चतुर्थी बघतो तसे साडू श्पेरम्यूलचा दिवस बघत. संध्याकाळी सायकल घेऊन निघत आणि परतताना सायकल दिसत नसे, नुसता एक ढीग स्वतःहून चालत येताना दिसे. मेहुणी दारातच अडवायची. "अहो, हा मोडका पाळणा कशाला?" "पाळणा कुठाय? चांगल्या बीच लाकडाच्या दांड्या आहेत त्या." त्यांना वस्तू दिसतच नसे; त्या वस्तूत दडलेली पुढची वस्तू दिसे. एकदा माझी नवी छत्री वाऱ्याने उलटली, तेव्हा मी हळहळलो आणि त्यांनी आनंदाने हात पुढे केला. "टाकू नका भाऊजी. या काड्यांसारखं स्टील आता मिळत नाही."

तर या माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, माझ्या भाचीने, एका जर्मन मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी होता. त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या वडिलांबद्दल. हार्त्सच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहणारे हे गृहस्थ विधुर होते आणि जन्मभर घरांची छपरं शाकारायचं काम करून निवृत्त झाले होते. एवढी वर्षं उंचावर एकट्याने काढल्यामुळे असेल, बोलायची सवयच राहिली नव्हती. पहिल्या भेटीला मेहुणीने पुरणपोळीपासून सगळं केलं. ते जेवले, हात मिळवला, "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणाले आणि गेले. मेहुणीने तो अख्खा आठवडा रडून काढला. "भाऊजी, मुलगी लग्नानंतर त्याच गावात राहणार. माझ्या मुलीला बरं नसलं तर हा माणूस पाणी तरी विचारील का? आपल्यात बैठक होते, चार माणसं बसतात, बोलतात, घर कळतं. इथे कुणाशी बोलायचं? त्या भिंतीशी?"

साडू बराच वेळ नखाने टेबलावरचा जुना डाग खरवडत बसले होते. मग म्हणाले, "माणूस बोलत नसेल, तर तो जिथे गप्प बसतो तिथे जाऊन बसायचं."

चौकशी केली तेव्हा कळलं की व्याही गप्प बसतात ते मासे धरताना, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की तर दिवसच्या दिवस. आता आमचं दोघांचंही घर असं, की अंड्याचा केक आला तर वेगळ्या ताटलीत ठेवायचा. पण साडूंनी एकदा मनावर घेतलं की संपलं. इथे मासे धरायला आधी वर्ग करावा लागतो, मग सरकारी परीक्षा. साठी उलटलेले साडू शाळकरी पोरांच्या शेजारी बसून माशांच्या परांची चित्रं पाठ करू लागले. पाइक आणि झांडर या माशांतला फरक ते मला फिरायला गेल्यावर शिकवत. मासा धरल्यावर त्याला त्रास न देता कसं मारावं यावरचा प्रश्न त्यांनी डोळे मिटून सोडवला म्हणे, आणि पास झाले. पेढे वाटले. भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, पाइनलिश!" म्हणजे किती लाज आणता. पण पेढा तिने दोनदा घेतला.

मग सुरू झाली सामानाची जमवाजमव. दुकानात सगळं तयार मिळत होतं. मी एक छापील यादी आणूनही दिली होती. तिच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर साडूंनी चित्रं काढली. बर्फावर काठी आखूड लागते, म्हणून तुटक्या बॅडमिंटन रॅकेटच्या मुठीत माझ्या छत्रीची काडी बसवली. माशाने नुसतं नाक लावलं तरी टोक थरथरायचं. स्वतः थेंबही न घेणाऱ्या या माणसाने शेजाऱ्यांकडून दारूच्या बाटल्यांची बुचं मागून आणली आणि त्यांचे तरंगणारे खुणेचे गोळे केले. कारखान्याच्या भंगारातल्या दांड्याला धार लावून पहार केली आणि तिला मनगटात अडकवायची दोरी बांधली, कारण भोकातून निसटलेली पहार थेट तळ गाठते. तुर्की दुकानातल्या दह्याची मोठी बादली, जिच्यातल्या दह्याचं श्रीखंड आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं, ती झाली आसन. तिच्या झाकणावर झोपायच्या जुन्या चटईची गादी. भाचीचा तान्हेपणीचा अंघोळीचा टब झाला घसरगाडी. जुन्या गालिच्याचे तुकडे बुटांत तळव्याखाली गेले आणि सायकलच्या टायरला आतून स्क्रू ठोकून केलेले पट्टे बुटांवर चढले, घसरू नये म्हणून. बर्फाची जाडी मोजायला लाकडी पट्टीच्या टोकाला आडवा खिळा. पट्टी भोकात घालायची, खिळा खालून बर्फाला अडकवायचा आणि वर आकडा वाचायचा. हे मला इतकं आवडलं की मी उगाच घरी जाऊन पाण्याच्या बादलीत करून पाहिलं.

एका गोष्टीवरून मात्र भडका उडाला. भोक पाडलं की त्यात बर्फाचा चुरा तरंगत राहतो, तो सतत काढावा लागतो. त्यासाठी साडूंनी मेहुणीचा बुंदीचा झारा उचलला आणि त्याला फरशी पुसायचा दांडा जोडला.

"माझा झारा?"

"धुऊन देतो ना."

"माशांच्या पाण्यातला झारा परत माझ्या कढईत? त्यापेक्षा तुम्हीच राहा त्या तळ्यात!"

झारा गेला तो गेलाच. पण मी हेही लिहिलं पाहिजे की दुकानातल्या महागड्या चाळणीत गोठून बसणारा चुरा या झाऱ्यात बसत नसे. एक झटका दिला की साफ. हे सगळं पैसे वाचवायला चाललंय असं मला तेव्हा वाटायचं. वास्तविक मुलीच्या लग्नासाठी त्यांनी हात मुळीच आखडला नव्हता. पण व्याह्याकडे जाताना विकतचं काही न्यायचं नाही, आपल्या हातचं न्यायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आपल्याकडे रुखवतात नाही का, सगळं घरचं मांडत?

रंगीत तालीम बाल्कनीत झाली. रात्रभर टबात पाणी गोठवून, सकाळी त्यात भोक पाडून साडू तिसऱ्या मजल्यावर बादलीवर बसून राहिले. समोरच्या बाईंनी काळजीने विचारलं, सगळं ठीक ना? साडूंनी हात हलवला. "युबुंग!" म्हणजे सराव. त्या बाई पुढे कितीतरी दिवस मेहुणीकडे सहानुभूतीने बघायच्या.

थंडी पडली, तळं धरलं, म्हणजे माणसाचं वजन पेलण्याइतकं गोठलं, आणि एका शनिवारी आम्ही निघालो. बैठकीला मुलीकडचा एक वडीलधारा हवा, म्हणून मी. टबात सामान, पेढ्यांचा डबा आणि नारळ. व्याही तळ्याच्या काठावर उभे होते. त्यांनी आधी बर्फाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग टबाकडे. एकेक वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. छत्रीची काडी बोटाने वाकवून सोडली. म्हणाले, "गुट." म्हणजे उत्तम. मी साडूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा परीक्षा दुसऱ्यांदा पास झाल्यासारखा झाला होता.

भोकं पडली, दोघं शेजारी शेजारी बसले. माझ्या अंगात दुकानातलं सर्वांत उबदार जाकीट होतं आणि मी कुडकुडत होतो. साडू खिशातल्या गरम उकडलेल्या बटाट्यांवर हात शेकत खुशाल होते. वाऱ्याचा आवाज तेवढा होता आणि मधूनच तळ्याच्या पोटातून येणारा एक खोल गुरगुराट. व्याह्यांना एक मासा लागला, मग दुसरा. साडूंना काही नाही. शेवटी व्याही उठले, त्यांनी साडूंचा दोरा हाताने वर ओढला आणि बघतच राहिले. दोऱ्याच्या टोकाला शिशाचा तुकडा होता, त्याच्यावर कणकेची गोळी होती. गळ नव्हता.

"विसरलात?" त्यांनी आपला डबा उघडला. "घ्या माझ्याकडचा."

"नको," साडू म्हणाले. "आम्ही मासे खात नाही. मग धरायचे कशाला?"

"मग परीक्षा कशाला दिलीत?"

"कुणी तपासायला आलं, तर ठपका तुमच्यावर नको."

"आल्झो…" व्याह्यांनी ती कणकेची गोळी निरखून पाहिली. "मग आलात कशाला?"

"तुमच्याशेजारी बसायला."

व्याही आपल्या बादलीवर परत बसले. त्यांनी स्वतःचा दोरा वर घेतला, हातमोजा काढला, थंडीने लाल झालेल्या बोटांनी गळ सोडवला आणि डब्यात ठेवला. मग तो मोकळा दोरा पुन्हा पाण्यात सोडला. दोघं बसून राहिले, दोन भोकांत दोन दोरे, आणि खालचे मासे निर्धास्त. मला हसू आवरेना. मी चहा ओतायच्या निमित्ताने पाठ केली. म्हणून पुढचं बोलणं मी फक्त ऐकलं.

"तुमची मुलगी रविवारी येते," व्याही म्हणाले. "माझ्याकडे एकच तवा होता. त्यात मासे व्हायचे. मी दुसरा आणलाय. तिचा. तो वेगळ्या खिळ्यावर टांगतो. पोरालासुद्धा हात लावू देत नाही."

मी वळलो तेव्हा साडू बर्फाकडे बघत होते. नाक पुसत म्हणाले, "भाऊजी, नारळ द्या. बैठक झाली."

पुढच्या दिवाळीला मंडळात मी हा किस्सा सांगितला. झारा, टब, बाल्कनी, आणि शेवटी गळाशिवाय बसलेले दोन म्हातारे. गळाचं कारण मी माझं घातलं: विकत घ्यावा लागतो ना! सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसत होते ते साडू. दर वर्षी लोक तोच किस्सा मागत गेले आणि मी तोच सांगत गेलो. तव्याचं बोलणं मी कधीच सांगितलं नाही. त्याने हशा मोडला असता. साडूंनी एकदाही मला दुरुस्त केलं नाही. मेहुणीने एकदा विचारलं, "भाऊजी, ते एवढंच होतं का हो तिथे?" मी विषय बदलला. म्हणून आज लिहितोय. तो माणूस गळ विसरला नव्हता आणि पैसेही वाचवत नव्हता. आपली मुलगी कुणाच्या हाती जाते आहे ते पाहायला तो गेला होता, आणि कुणाला न दुखावता पाहून आला.

आता हिवाळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. तळं क्वचितच धरतं. मधे एकदा कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी फोन वाजला. व्याही होते. "धरलंय," ते म्हणाले. मला आधी समजेना. मग उमगलं, साडूंना ते दर वर्षी असाच फोन करत असणार. मी म्हटलं, माझे गुडघे आता बर्फावर चालायचे नाहीत. "गेनाऊ," म्हणजे अगदी खरं, असं ते म्हणाले. "माझेही नाहीत. पण धरलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं."

मी हो म्हणालो. त्यापुढे दोघांनाही काही सुचलं नाही, आणि फोन खाली ठेवायची घाईही कुणाला नव्हती.