बियाण्याच्या रांजणावर बसलेली सोंगजीवाली

बामसिल गावात सोंगजीवालीइतकी भांडकुदळ बाई दुसरी नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही मान्य होतं. सोंगजी हे तिचं माहेर. लग्न होऊन आली तेव्हापासून गावानं तिला त्याच नावानं हाक मारली. खरं नाव गाप्सुन, पण ते बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यानं एकदा उच्चारलं तेवढंच.

युद्ध थांबून दोनेक वर्षं झाली होती. मुलगा अजून लष्करातच होता, नुकताच सुट्टीवर येऊन गेलेला; घरात ती आणि पोटुशी सून ओकदान. त्या हिवाळ्यात उत्तरेकडून उपदेशक सोल आला. माणूस दिसायला देखणा, आवाज असा की चर्चच्या खिडक्या थरथराव्यात. त्यानं सांगितलं, प्रभू येत्या वसंतात येणार, भात भिजत घालायच्या दिवसांत. दिवससुद्धा ठरवून दिला. मग उद्याची तजवीज कशाला? आकाशातली पाखरं पेरतात का? वाळवंटात देवानं रोज धाडलेलं अन्न, तो मान्ना, उद्यासाठी ठेवला त्याला किडे पडले ना? ज्याच्या घरी जे धान्य असेल ते आणा, चर्चच्या अंगणात एकच चूल पेटवू, एकत्र जेवू, एकत्र वाट पाहू.

युद्धानं पोळलेली माणसं ती. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचं घर जळालेलं. उद्या सगळं संपणार म्हटल्यावर त्यांना रडू फुटलं ते आनंदानं. लोकांनी पोती आणली, बैल विकले. आणि वसंतात, जुनं भात संपलेलं आणि सातू अजून हिरवा, अशा त्या दरवर्षीच्या उपाशी दिवसांत बामसिलच्या ख्रिस्ती घरांनी बियाण्याचं भात कांडून खाल्लं. पोटभर खाल्लं, गाणी म्हणत खाल्लं.

सोंगजीवालीनं मात्र दाणाही दिला नाही.

तिच्या कोठीत दोन रांजण होते. एक पेरायचा. दुसरा, थंडीनं पहिली रोपं मेलीच तर पुन्हा पेरायचा. दुसरा रांजण ठेवायची सवय तिला कुणी लावली नव्हती, ती एका मरणानं लागली होती. जपानी अमलात एका वसंतात सासऱ्यानं बियाणं शिजवायला लावलं. भूकच तशी होती, त्याला तरी काय बोल लावायचा? पण त्या वर्षी शेत पडीक राहिलं आणि पुढच्या वसंतात तिची थोरली मुलगी गेली. चार वर्षांची पोर. शेवटी शेवटी ती रडायचीसुद्धा नाही. ते न रडणं सोंगजीवाली आयुष्यात विसरली नाही.

चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना 'वडील' म्हणत; त्यांतले ब्योन तायग्यू दोन माणसं घेऊन रांजण न्यायला आले, तेव्हा ती सरळ एका रांजणाच्या झाकणावर जाऊन बसली आणि दुसऱ्यावर पाय ठेवले.

"सोंगजीवाली वहिनी, उठा," ब्योन वडील म्हणाले. "सगळ्या मंडळीनं दिलंय. तुम्ही एकट्याच राहिलात."

"राहू दे की."

"तो मोठी मोठी कोठारं बांधणारा श्रीमंत आठवतो ना? प्रभूनं त्याला मूर्ख म्हटलं."

"आठवतो. खा, पी, मजा कर, असंही तोच म्हणाला होता. आता सांग, अंगणात चूल पेटवून कोण खातंय? मी की तुम्ही?"

बरोबरचा एकजण खुदकन हसला आणि ब्योन वडिलांनी डोळे वटारल्यावर गप्प झाला.

"विश्वास नाही तुमचा. हेच खरं."

"अरे तायग्यू, तुझं नाक वाहत होतं तेव्हापासून मी विश्वास ठेवतेय! योसेफानं दुष्काळासाठी सात वर्षं धान्य भरलं तेव्हा त्याचा विश्वास नव्हता होय? त्या दहा मुली नवरदेवाची वाट बघत बसल्या होत्या. दार कुणाला बंद झालं? जवळ दिव्याचं तेल ठेवलं नाही त्यांनाच. यायचं तेव्हा प्रभू येईल. दिवस कुणालाच माहीत नाही, असं तो स्वतः म्हणून गेला. तुझ्या त्या सोलला बरा कळला!"

"जबान आवरा."

"रांजण हवाय ना? मग मला रांजणासकट उचला. मी काही हलकी नाही, सांगून ठेवते."

कुणी उचललं नाही. पण त्या रविवारी ब्योन वडिलांनी भर मंडळीत जाहीर केलं की ही बाई हट्टी आणि अविश्वासी, तिला प्रभुभोजनातून वगळलं आहे, तिथल्या पवित्र भाकरीचा तुकडा तिला मिळणार नाही. सोंगजीवाली नेहमीच्या जागी, खांबाजवळच्या चटईवर ताठ बसून राहिली. भाकरीचं ताट तिच्यासमोरून तसंच पुढं गेलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. पुसलं तर लोकांना दिसलं असतं.

घरी ओकदान म्हणाली, "सासूबाई, देऊन टाका ना. मला लाज वाटते. पाणवठ्यावर कुणी बोलत नाही माझ्याशी."

"तुझ्या पोटातलं लेकरू येईल भर उन्हाळ्यात. शरदात शेतात पीकच नसलं तर त्याला काय घालशील? लाज?"

"प्रभू आधीच येईल."

"आला तर फार बरं होईल गं. पण नाही आला तर तुझ्या लेकराला कोण सांगणार, तुझ्या वाटणीचं आम्ही गाणी म्हणत खाल्लं म्हणून?"

ओकदान उठून गेली. इतके महिने झाले, तिनं बाळासाठी एक टाकासुद्धा घातला नव्हता.

तो दिवस उजाडला. सगळी मंडळी पांढरे कपडे घालून टेकडीवर गेली. ओकदानही गेली, जड अंगानं, कुणाचातरी हात धरून. सोंगजीवालीनं अंगणात हंडे मांडले, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही रांजणांतलं भात पाण्यात ओतलं. मंडळीतल्या घरांत पेरायला दाणा उरला नाही हे तिला ठाऊक होतं. पोचट दाणे तरंगले, ते काढून कोंबड्यांना टाकले. टेकडीवरून गाण्याचा आवाज येत होता. तिलाही ते गाणं येत होतं, तीही म्हणू लागली. मोठ्यानं म्हणाली, हात पाण्यातच होते.

कुंपणापलीकडून ख्रिस्ती नसलेली शेजारीण ओरडली, "अगं, आत्ता तुझा प्रभू आला आणि तुला अशी ओलीचिंब बघितली म्हणजे?"

"बघू दे की! काम शिकलेला आहे तो, सुताराच्या घरचा. दोन हंडे उचलायला लावीन त्याला."

प्रभू आला नाही. संध्याकाळपर्यंत टेकडीवरची गाणी थांबली. उपदेशक सोल टेकडीच्या पलीकडल्या बाजूनं उतरला तो परत कुणाला दिसला नाही. ओकदान घरी आली, पायरीवर बसली आणि बराच वेळ हुंदके देत राहिली. सोंगजीवालीच्या ओठांवर शंभर टोमणे आले होते. तिनं ते गिळले आणि सुनेपुढं गरम पेज ठेवली.

त्याच आठवड्यात ब्योन वडील दारात उभे राहिले. हातात टोपी, गालफडं बसलेली.

"वहिनी, आठ घरांत पेरायला दाणा नाही. ख्रिस्ती नसलेले सावकारीनं देतायत, पण..."

"माझ्याकडं आहे. मोड आलेत. विरळ पेरलं तर सगळ्यांना निम्म्या शेतापुरती रोपं होतील. उरलेल्या शेतात कडधान्य टाका."

ब्योन वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग ते घुटमळले. "वडीलमंडळी म्हणते, रविवारी तुम्ही नुसतं उभं राहून 'चुकले' एवढं म्हणा. लगेच परत घेतो तुम्हाला. मंडळीचा मान राहील."

"काय चुकले मी? बियाणं ठेवलं हे?"

"असं नाही... रीत म्हणून."

"तायग्यू, पोतं आण आणि बियाणं घेऊन जा. त्याला माझी अट नाही, तुझीही नको. चुकले मी म्हणणार नाही. मरेन, पण म्हणणार नाही. आणि रविवारी मी भाकरी घेणार."

"कसं जमेल ते?"

"जमव."

रविवारी ती त्याच चटईवर बसली. ताट घेऊन ब्योन वडीलच आले आणि तिच्यासमोर येऊन थांबले. पलीकडं त्या आठ घरांची माणसं होती. वाफ्यातला चिखल अजून त्यांच्या नखांत होता. ब्योन वडील खाली वाकले आणि ताट तिच्यापुढं धरलं. सोंगजीवालीनं त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा उचलला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत, सावकाश चावून खाल्ला.