धाकटीने बदललेली पहिली चाल

ताईच्या वस्तूला कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही. तिच्या कात्रीने भावाने नुसता कागद कापला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. आई गेल्यावर शिवणाच्या मशीनवर तिने भावाला आणि धाकट्या बहिणीला वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं तिला काही नव्हतं. संध्याकाळी शिवण आवरून धाकटीबरोबर बॅकगॅमनचा, म्हणजे फासे-सोंगट्यांचा, डाव मांडला की ती खूश. खेळ तिनेच शिकवला होता आणि दटावून सांगितलं होतं, सुरुवातीलाच समोरच्याच्या तोंडाशी एकटी सोंगटी ठेवायची नाही; एकटी मारली जाते, घरात दोन असल्या की घर पक्कं.

मग भावाचं लग्न झालं आणि खालच्या मजल्यावर वहिनी आली. सकाळच्या शाळेत गणित शिकवायची, हसून बोलायची, आणि मेलीला बॅकगॅमनही येत होतं!

एकदा डाव सुरू करताना धाकटीला दोन आणि एक पडले. दोनाने तिने मधल्या ढिगातली सोंगटी पुढे आणली, ते ठीक. एकाने मात्र मागची सोंगटी सरकवायची सोडून आपल्या पाचव्या घरात एकच सोंगटी नेऊन बसवली, अगदी ताईच्या तोंडाशी.

"अगं, हे काय? मला चार पडले की मेलीच ती!"

"पडले तर ना! नाही पडले तर दुसरी आणून घर पक्कं करते. मग तुझ्या मागच्या सोंगट्या अडकल्याच."

"कुणी शिकवलं हे?"

"वहिनीने. दुपारी तू शिवत असतेस ना, तेव्हा आम्ही खेळतो."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली बाई आणि तिचा शब्द प्रमाण! आणि दुपारभर, म्हणजे आपल्या नाकाखाली! दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिने उलटी बाही लावली आणि शिव्या मशीनला घातल्या. धाकटीशी तर धड बोललीही नाही.

पुढच्या डावात पहिल्यांदा खेळायची पाळी ताईची आली आणि फासे तेच, दोन आणि एक. मागची सोंगटी सरकवायला तिने हात नेला, पण मनात आलं, त्या गणितवालीला येतं ते मला येत नाही की काय? तिने दात-ओठ खात पाचव्या घरात एकटी सोंगटी ठेवली. धाकटीला चार काही पडले नाहीत. ताईने घर पक्कं केलं, धाकटीच्या मागच्या सोंगट्या कोंडल्या आणि डाव मारला.

धाकटी हरली तरी टाळ्या पिटत उठली.

"ताई, अगदी वहिनीसारखी खेळलीस गं! थांब, तिला सांगून येते!"

ती धडाधड जिना उतरून गेली. खालून दोघींचं हसणं ऐकू आलं. ताईला वाटलं, आपण हरलो असतो तर बरं झालं असतं. निदान चिडवायला तरी ती इथेच बसली असती.