लाल गोलातला शेजारी

भूकंपात घर गेलं, तेव्हा माझ्या भावाची मुलगी लहान होती. गावच्या पत्र्याच्या शाळेत अमेरिकेतून मदतीच्या खोक्यांतून गोष्टींची पुस्तकं आली. ती वाचून वाचूनच पोरगी इंग्रजी शिकली. दहावीला आमच्याकडे लातुरात आली आणि क्लासला लागली. लातुरात दहावीच्या पोराला क्लास न लावणं म्हणजे त्याला उपाशी ठेवण्यासारखंच. दर रविवारी टेस्ट, मार्कांवर बॅच. वरच्या बॅचला सर स्वतः शिकवत, खालच्या बॅचला हाताशी असेल तो.

एका रविवारी निबंध आला, 'न विसरता येणारा दिवस'. तिनं भूकंपाची ती पहाट लिहिली. धुळीचा रंग, आणि तिला ढिगाऱ्यातून ओढून काढणारा शेजारी. मी शाळेत इंग्रजी शिकवते, असे निबंध गठ्ठ्यानं तपासते. हा मात्र माझ्याच्यानं एका दमात वाचून होईना. सरांनी तो शेवटपर्यंत वाचून प्रत्येक 'नेबर'ला आणि 'कलर'ला लाल गोल केला होता. यू गाळला म्हणून. पोरगी खालच्या बॅचमध्ये गेली.

माझं डोकंच फिरलं. तडक क्लास गाठला.

"सर, कलरमधला यू फ्रेंचांकडून आला, नेबरला तो देखादेखी चिकटला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या शब्दकोशकारानं दोन्हीकडचा काढून टाकला. पोरीचं बरोबर आहे."

"म्याडम, मला ठाव न्हाई व्हय? बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला ठाव नसंल तर? मार्क तुमी देणार का?"

"निबंध वाचलात ना तुम्ही?"

"वाचला की. लई स्पेलिंगा चुकल्या."

आता काय कपाळ फोडून घ्यायचं? पुण्यात कुणी आपल्या 'लई'ला हसलं की हेच सर दिवसभर धुमसत असतात.

पुढच्या महिन्यात तोच विषय पुन्हा आला. पोरीला पैकीच्या पैकी मार्क, वरची बॅच. मी घाईनं पेपर ओढून घेतला. समुद्रकिनाऱ्यावरची शाळेची सहल होती. माड, वाळूचे किल्ले, मैत्रिणींची धमाल, सगळं गाइडातलं, शब्द न् शब्द. पोरीनं समुद्र कधी पाहिला नव्हता.

मी पेपर परत दिला, तर ती खुशीत म्हणाली, "आत्या, बोर्डात बी हाच दिवस लिहिते. पाठ हाय."