पितळेच्या घरातलं लोखंड

ऑपरेशन होऊन नागपूरहून घरी आलो, तेव्हा मायनं मला दारातच थांबवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बाकीचा कुठं ठेवून आला बे?"

तिचं चुकलं नव्हतं. जाताना मी भंडाऱ्याच्या बाजारातला सगळ्यात ऐसपैस भांडेवाला होतो. दुकानात गादीवर बसलो की मागे मांडलेले पाणी भरायचे पितळी गुंड गिऱ्हाइकाला दिसत नसत; मला आधी बाजूला सरकावं लागे. याला कारण माझं दुखणंच होतं. पोटात अल्सर होता. दुखायला लागलं की काहीतरी खायचं, खाल्लं की दुखायचं थांबायचं. भजी, चिवडा, शिळी पोळी, जे हाताशी असेल ते. हे औषध मी बरीच वर्षं मनापासून घेतलं. मग एका सकाळी दुकानातच रक्ताची उलटी झाली आणि मला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जठराचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकला.

सोडताना मोठ्या डॉक्टरांनी बायकोला समजावलं. थोडं थोडं, पण अनेकदा खायला द्या. गोड कमी. आणि डांबरासारखी काळी संडास झाली, तर आतून रक्त जातंय असं समजा आणि असाल तसे इकडे या. हे शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी देवाच्या आरतीसारखं पाठ केलं.

थोडं म्हणजे किती, यावर घरात वाद झाला. आमच्या घरात सगळ्यात लहान वाटीसुद्धा इतर घरांतल्या वाडग्याएवढी. शेवटी मायनं दुकानातून पितळेची भातुकली आणली. पोरींसाठी विकायला ठेवलेली. त्यातल्या इवल्याशा ताटात ती मला वरणभात वाढू लागली. गिऱ्हाइकं डोकावून बघायची. त्या ताटात तीन घास मावत. चौथा घास घेतला की पोट गच्च व्हायचं, घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि मला आडवं व्हावं लागायचं. एकदा लग्नात चोरून दोन जिलब्या खाल्ल्या, तर वऱ्हाडी मला खाटेवर घालून वारा घालत बसले. नवरदेवाकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही.

वजन भराभर उतरलं. बाजारात भेटेल तो म्हणे, "काय भाऊ, एकदम हिरो!" मलाही आवडत होतं. पण वर्ष सरलं तसं काहीतरी बिनसत गेलं. दुकानातल्या घडवंचीवर चढून वरचा डबा काढला की दम लागायचा. दुपारी हिशेब करताना डोळा लागायचा. चेहरा उतरला. माय म्हणाली, "कल्हई केल्यावानी दिसून राहिला."

आणि याच दिवसांत मला तांदळाचा नाद लागला.

झालं असं, की बायको ओसरीवर चिनोर तांदूळ निवडत बसली होती. आमच्याकडचा हा बारीक, वासाचा तांदूळ. मी सहज चिमूटभर उचलून तोंडात टाकला. कर्रकन आवाज झाला आणि अंगभर असा काही आनंद पसरला, की मी तिथंच खाली बसलो. जिलबीत ती मजा नव्हती. दुसरी चिमूट घेतली. मग मूठ. बायको म्हणाली, "कोंबडी आहा का तुमी?" मी हसून उठलो, पण मन सुपातच राहिलं.

त्यानंतर माझे बंडीचे दोन्ही खिसे तांदळानं भरलेले असायचे. गिऱ्हाईक घागर वाजवून बघत असे, तेवढ्यात मी दोन दाणे तोंडात टाकत असे. भात नको वाटायचा. भातात काय आहे? पण कच्चा तांदूळ पाहिला की तोंडाला पाणी सुटायचं. स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून मी डब्याकडे वळायचो. घोटाळा एवढाच की आमचे डबे पितळेचे. झाकण कितीही हळू उचललं तरी ठणकन वाजायचं आणि सगळ्या घराला वर्दी जायची.

सुरुवातीला बायकोला वाटलं उंदीर आहे. मग एका दुपारी ती दारात उभी राहून म्हणाली, "उंदीर झाकन उचलते, तांदूळ घेते अन् झाकन परत लावून जाते. लय शिकेल उंदीर दिसते."

माझं तोंड भरलेलं होतं. बोलायची सोय नव्हती.

"काहून खाता हो कच्चे? पोट अर्धं, अन् त्यात दगडं भरता?"

"मले राहवत नाही," मी कसाबसा गिळत म्हणालो. "तू कायबी कर, पन डबा लपवू नको."

मागून माय आली. सगळा प्रकार ऐकून तिनं पदर तोंडाला लावला आणि हसत हसत जमिनीवरच बसली. "अवं माय! याले त डोहाळे लागले!"

झालं. आमच्या गल्लीत बातमी पोहोचायला पोस्टाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू पदराखाली बोरं झाकून घेऊन आली. "आंबट खाऊ वाटते का, बापा?" पलीकडचा सोनार रोज विचारी, कितवा महिना. बायका पाण्याला जाताना दुकानाकडे बघून खुसखुसत. कोणीतरी हिरव्या बांगड्यांचा विषय काढला, तेव्हा मात्र मी दोन दिवस दुकानात गेलो नाही. बोरं तेवढी खाल्ली.

बायकोही खूप हसली. पण एकदा मला पाण्याचा तांब्या देताना तिचा हात माझ्या हाताशेजारी आला आणि तिचं हसू थांबलं. तिचा तळवा तांबूस होता, माझा कागदासारखा. तिनं माझी बोटं उलटसुलट करून पाहिली.

"मोठी पोरगी पोटात असताना मी चुलीची माती खात होती," ती म्हणाली. "तवा दाईनं सांगतलं होतं, रक्त कमी हाये. चला, डॉक्टरकडे जाऊ."

आमचे डॉक्टर भंडाऱ्यातच दवाखाना चालवत आणि शहापूरला राहत. त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, जीभ बघितली. मग विचारलं, "तांदूळ खाता की माती?"

मी चमकलो. "तांदूळ. तुम्हाला कसं कळलं?"

"खडू? बर्फ?"

"नाही साहेब, फक्त चिनोर."

"आवडनिवड शाबूत आहे म्हणजे." त्यांनी बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. रक्त यायलाही आळस करत होतं. तपासून झाल्यावर ते म्हणाले, रक्त माणसाला लागतं त्याच्या निम्मं आहे. आधी अल्सरमधून बरंच गेलं. आता जठर छोटं झालंय, त्यातलं आम्ल कमी झालंय, म्हणून अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या घ्या, बरोबर लिंबूपाणी प्या. त्या वेळेला चहा पिऊ नका, चहा लोह लागू देत नाही. पालेभाज्या खा, कलेजी खा, आणि भाजी लोखंडी कढईत करा.

"साहेब, पितळ चालत नाही का?" मी विचारलं. "घरचं आहे."

डॉक्टर हसले नाहीत. चहा बंद झाल्यामुळे मीही हसलो नाही.

गोळ्या घ्यायला लागलो. कढईचं मात्र जमलं नाही. मायचं म्हणणं, तव्यापुरतं लोखंड ठीक आहे, पण आपण पितळवाले. चुलीवर लोखंडाची कढई दिसली तर लोक म्हणतील धंदा बसला. तिनं तो विषय तिथंच संपवला.

गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. एका सकाळी मी संडासातून बाहेर आलो तो भिंत धरूनच. बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"काळी," मी म्हणालो.

"कशी काळी?"

"डांबर."

तिनं पुढं काही विचारलं नाही. पिशवीत दोन धोतरं, तिचं एक लुगडं, तांब्या आणि ऑपरेशनचे कागद भरले. माय देवापुढे बसली आणि तुम्ही परत येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिनं जाहीर केलं. शेजारची काकू रडू लागली. सोनारानं स्वतः स्टँडपर्यंत पिशवी उचलली आणि वाटेत एकदाही महिना विचारला नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

नागपूरची एसटी मिळाली. मी खिडकीशी डोळे मिटून बसलो. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. शहापूरला गाडी थांबली आणि बघतो तर आमचे डॉक्टर चढले! त्यांना नागपुरात काही काम होतं. आम्हाला पाहून ते पुढच्याच बाकावर बसले.

"कुठं निघालात?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. नेमकी तेव्हाच गाडी सुटली.

"काय? मोठ्यानं बोला!"

मी जरा मोठ्यानं सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना तेही ऐकू आलं नाही. माझी बायको चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करून न बघणारी, पण त्या दिवशी ती उभी राहिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यायले काळी संडास झाली, डॉक्टरसाहेब! डांबरावानी!"

कंडक्टरनं तिकिटं फाडायचं थांबवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेताय ना मी दिलेल्या?"

"हाव."

"उलटी? चक्कर? पोटात दुखतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझी नाडी धरली, पापणी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, लोहाच्या गोळ्यांनी काळीच होते! मी सांगायला विसरलो. लोखंड खाल तर काय पांढरी होईल?"

मागच्या बाकावरचे एक म्हातारे समाधानानं म्हणाले, "म्हणजे निंगून राहिलं बरोबर." सगळी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, माझ्या मामालेबी अशाच गोळ्या आहेत, त्याले सांगतो." मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बायको खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझं मनगट तिनं सोडलं नव्हतं.

"उतरायचं का पुढच्या थांब्यावर?" मी विचारलं.

"काहून?" ती म्हणाली. "तिकीट नागपूरचं हाये."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही दोघंच कुठं गेलो नव्हतो. गेलो तर दवाखान्यात. त्या दिवशी आम्ही सीताबर्डीवर उन्हात भटकलो. तिनं आइस्क्रीम खाल्लं, मी दोन चमचे चाखलं. संत्री घेतली. दम लागला की मी कुठल्यातरी पायरीवर बसायचो, तीही शेजारी बसायची, घाई नसल्यासारखी. मग एका दुकानासमोर ती थांबली आणि बोट दाखवून म्हणाली, "ते द्या." लोखंडाची कढई होती. चांगली जाड, दोन कानांची.

संध्याकाळी घरी पोहोचलो तर गल्ली दारात जमलेली. आम्ही संत्री सोलत सोलतच आलो. खरं काय झालं ते कळल्यावर मायनं आधी दोन तांबे पाणी पिऊन घेतलं, मग आम्हा दोघांना मनसोक्त शिव्या दिल्या. शिव्या संपल्यावर तिची नजर पिशवीतल्या कढईवर गेली. तिनं ती हातात घेतली, बोटाच्या पेरानं वाजवून बघितली, जशी ती दुकानात प्रत्येक वस्तू वाजवून बघे.

"आवाजच नाही याले," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी त्याच कढईत तिनंच अंबाडीची भाजी केली. भाजी काळीकुट्ट झाली. गल्लीतलं कोणी आलं की ती कढईवर परात पालथी घालायची.

रक्त लगेच वाढलं नाही. गोळ्यांनी पोट बिघडायचं, मग डॉक्टरांनी मधे काही दिवस कमरेत इंजेक्शनं दिली. ती एवढी दुखायची की गादीवर एका अंगावर बसून धंदा करावा लागला. पण हळूहळू घडवंचीवर चढायला जमू लागलं, दुपारची झोप गेली. एके दिवशी खिशात हात घातला तर तिथं तांदूळ होते आणि ते खायची आठवणच झाली नव्हती. एक दाणा चावून बघितला. नुसता दाणा होता. थुंकून टाकला. खरं सांगायचं तर जरा वाईट वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं, जठर काही परत वाढणार नाही, तेव्हा रक्त अधूनमधून तपासत राहा. भंडाऱ्यात तपासणीची सोय होती, पण बायकोचं म्हणणं पडलं की नागपूरची तपासणी चांगली. म्हणून दर वर्षी, संत्र्यांचा हंगाम आला की, आम्ही दोघं रक्त तपासायला सकाळच्या एसटीनं नागपूरला जात असू. तपासणीला फार वेळ लागत नसे. परत मात्र आम्ही शेवटच्या गाडीनं यायचो.