साध्य, असाध्य आणि माझी सही

जे आपण डोळ्यांनी पाहिलेच नाही, त्यावर तुम्ही कधी सही केली आहे का?

शाळेतले किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे साचतात. झाडायला कुणी येत नाही. डोणगावजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. असत्य लिहू नये, असे परिपाठात नेमाने सांगतो. माझी सही पाहिली की मुख्याध्यापिका कागद वाचतही नसत. या किश्श्यांतला मूर्ख मात्र बहुधा मीच!

*

दहावीसाठी अध्ययन निष्पत्तींची नोंदवही आली. गणित, विज्ञान, तंत्रज्ञान. मुलाला काय यायला हवे ते छापलेले, पुढे 'साध्य' की 'असाध्य' ते आपण लिहायचे. प्रमेयापुढे मी वर्गातल्या रेणुकाला 'असाध्य' लिहिले आणि तिच्या नोंदीची नक्कल घरी सहीला पाठवली.

सकाळी तिचे वडील कपाशीची वेचणी टाकून दारात उभे. डोळे भरलेले.

"सर, पोरीले असं काय झालं हो? अकोल्याले दवाखान्यात न्या लागते काय?"

"तिला प्रमेय येत नाही."

"मंग तसं लिहा ना! रातीपासून घरात कोणी जेवलं नाही!"

*

पुढची निष्पत्ती संभाव्यतेची. मी विचारले, "अशक्य घटनेचे उदाहरण द्या."

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "सर घंटी झाल्याबरोबर तास सोडतील!"

सर्वांपुढे 'साध्य' लिहावे लागले.

*

त्रिकोणमितीने उंची काढणे, हीसुद्धा निष्पत्तीच. मुलांना मारुतीच्या देवळाशी नेले. देवाला नमस्कार करून कोन मोजला, आकडे मांडून गणित केले. कळसाची उंची आली दीड मीटर.

पुजारीबुवांनी शांतपणे विचारले, "सर, देव मावन काय हो त्यात?"

*

तंत्रज्ञानाचे पान कोरेच राहिले. 'संगणकावर आलेख काढतो', असे तिथे छापलेले होते. मला संगणक सुरूही करता येत नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितले नव्हते. वही मुख्याध्यापिकांकडे द्यायच्या दिवशी पूजा आटोपली आणि त्याच हातांनी चाळीस वेळा 'साध्य' लिहिले. खाली सही.

नेमके त्याच दिवशी मुख्याध्यापिका ती वही घेऊन वर्गात आल्या. कौतुकाने म्हणाल्या, "चला, एक आलेख दाखवा बरं."

रेणुका उभी राहिली. "मॅडम, संगणकाच्या खोलीची चाबी सरजवळच असते. आमी आत गेलोच नाही."

मॅडमनी वही मिटली. माझ्याकडे पाहिले नाही. तेच अधिक लागले. म्हणाल्या, "दर शनिवारी विज्ञानाच्या बाई संगणक शिकवतील. सरही मुलांत बसतील. सरांची नोंद रेणुका लिहील."

पहिल्या शनिवारी तिने माझ्या नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले, 'प्रयत्न करतात. शेजारच्याचे पाहून काढतात.'

दुसऱ्या शनिवारपासून मला पहिल्या बाकावर एकटे बसवण्यात आले.