वांग्यावर घेतलेला आळ

माझ्या आईच्या हातच्या वांग्याच्या भाजीचा वास पार जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत जायचा आणि तिथं गाड्या उगाच थांबून राहायच्या. खोटं वाटत असेल तर अर्धं सोडून द्या. उरलेल्या अर्ध्यातही गाडी हळू होतेच.

तीच भाजी खाऊन माझी बायको आजारी पडली, असं आमच्या घरात ठरलं होतं. तेव्हा ती पोटुशी होती. ताप होता म्हणून गावातच सुई टोचून आणली, घरी येऊन तिनं दोन घास खाल्ले, आणि अंगभर गांधी, ओठ सुजलेले, श्वास कोंडलेला. ती वाचली. पोटातलं गेलं. आमच्याकडे गांधी उठल्या की आळ वांग्यावर. सुईनं तर माणूस बरा होतो. आईनं पुन्हा घरात वांगं येऊ दिलं नाही.

यंदा बायकोच्या पायाची जखम चिघळली. मानोऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं. सुई भरण्याआधी सिस्टरनं विचारलं, "कोन्या औषधाचा तरास होते काय?"

"हिले गोटे चारा, पचवन," मी म्हणालो. "वांगं तेवढं चालत नाई."

वॉर्ड हसला. सिस्टर हसली नाही. "काय झालं होतं वांग्यानं?"

मी सांगितलं. ओठ भोपळ्याएवढे केले, गांधी पोळीएवढ्या.

"त्या दिवशी सुई घेतली होती काय?"

"घेतली ना, तापाची."

"जेवणाच्या आधी?"

"आधी."

"अन् त्याच्या पयले वांगं खात होत्या?"

"जलमभर," बायको म्हणाली.

सिस्टरनं बाटली खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. औषध बदललं. बायकोच्या मनगटावर लाल पट्टी बांधत सिस्टर म्हणाली, "बहुतेक त्या सुईनंच झालं ते. तसंच औषध आज गेलं असतं तं जिवावर बेतलं असतं. कुठंबी जा, सुईच्या आधी हे सांगत जा."

"मंग तवा काहून नाई विचारलं कोणी?" मी म्हणालो.

"तवा इथं आणलं होतं काय यायले?"

आणलं नव्हतं.

नवं औषध थेंबाथेंबानं उतरत होतं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आत्याबाई मले वाढताना कधी वर पाहेत नोहत्या," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे माझी आई; ती गेल्या उन्हाळ्यातच वारली. "शेवटी माह्ये पाय धराले लागल्या. माफ कर म्हणे. मी म्हटलं, केलं."

मग मनगटावरची लाल पट्टी फिरवत म्हणाली, "कायची माफी देल्ली म्या त्यायले, सांगा बरं."