आईचा पासवर्ड

मंडळी, आज सकाळी आईच्या पेन्शनचं ऑनलाइन खातं उघडलं. आई वळसंगच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होती, नुकतीच रिटायर झाली.

मोबाईल माझ्या हातात, आधार कार्ड तिच्या मांडीवर. ओटीपी आला, तो तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. मग पासवर्ड ठरवायची वेळ आली आणि मी सवयीनं माझाच नेहमीचा टाकायला लागले.

"थांब, हिकडं आन. ह्ये कुणालाबी सांगायचं नसतंय, असं तूच म्हनली हुतीस की." आईनं मोबाईल घेतला. "आता तिकडं तोंड कर."

मी खरंच भिंतीकडं तोंड करून बसले! एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं पासवर्ड टाकला. दोनदा चुकली, पण मला वळू दिलं नाही. शेवटी खातं उघडलं.

"अगं, विसरलीस तर? निदान मला तरी सांगून ठेव."

"तीस वर्षं शाळेच्या समद्या चाव्या माज्या कमरेला हुत्या. एक तरी हरवली का?"

आज लई भारी वाटलं बघा.

तुमच्या आईचा पासवर्ड कुणाकडं आहे?